आतेसासूबाईंचा खुबा

आमच्या आतेसासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचंही म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य केलं नाही; यमाचं तर नाहीच नाही. मी मालवणच्या कोर्टात कारकून होतो. हट्टी पक्षकार बघण्यात माझी हयात गेली. बांधावरच्या एका माडासाठी मुंबईपर्यंत अपील नेणारे सख्खे भाऊ मी पाहिले, हरलेल्या दाव्याच्या निकालाची नक्कल उशाखाली घेऊन झोपणारे म्हातारे पाहिले. पण ही सगळी मंडळी तराजूच्या एका पारड्यात आणि दुसऱ्यात एकट्या आतेसासूबाई बसल्या असत्या, तर पारडं त्यांच्याच बाजूला झुकलं असतं. आणि वर 'तुझो तराजूच खोटो' असं त्यांनी मलाच सुनावलं असतं. वजनाने म्हणाल तर त्या ओल्या लुगड्यासकट एखाद्या पाणकोंबडीएवढ्या भरल्या असत्या.

त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. नवरा गलबतावर खलाशी होता, तो ऐन तारुण्यात तापाने गेला, आणि त्या माहेरी आचऱ्याला परतल्या. भावाच्या घरात मात्र त्या राहिल्या नाहीत. मागच्या आवारात, खाडीच्या बाजूला, दोन खोल्यांचं मातीचं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं आणि तिथून पुढची चाळीसेक वर्षं भावाच्या संसारावर करडी नजर ठेवली. मी घाटावरचा. लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला गेलो तेव्हा त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी उलटतपासणी घेतली. "मासे खातत मा?" मी म्हणालो, खातो, पण काट्यांची जरा भीती वाटते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या बायकोकडे बघितलं. "चेडवा, तुझ्या बापाशीन स्थळ बगताना ह्या इचारूक नाय?" त्यानंतर दर शनिवारी एस.टी.ने आम्ही मालवणहून आचऱ्याला यायचो, आणि दर शनिवारी मला काटे काढायचं शिक्षण व्हायचं.

'सावकाश' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. सावकाश या म्हटलं की त्या पाय उचलून येत. बसा म्हटलं की उभ्या राहत, आणि एस.टी.त कुणी जागा दिली तर "माका काय झाला हा?" असं विचारून देणाऱ्यालाच पुन्हा खाली बसवत. शेजारच्या बाईशी त्यांचा एका फणसाच्या झाडावरून वाद होता. झाड दोन आवारांमधल्या दगडी गडग्याच्या बरोबर मधोमध उगवलेलं. ते आपल्या बापाने लावलं असं यांचं म्हणणं, आपल्या सासऱ्याने लावलं असं शेजारणीचं. मी एकदा मोजणी करून निकाल लावून घ्या असं सुचवलं, तेव्हा दोघींनी मिळून मला झोडपलं. निकाल कुणालाच नको होता. रोज सकाळी चूल पेटली की गडग्याच्या दोन्ही बाजूंना कामकाज सुरू व्हायचं, आणि जेवणवेळेला पुढची तारीख पडायची.

मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं, त्याच्या आगेमागची गोष्ट. श्रावण, चतुर्थी, गौरी असं सगळं लागोपाठ पार पडलं होतं आणि महिना-दीड महिना सोवळं पाळून वाडीतल्या जिभा वाळून गेल्या होत्या. अशा वेळी आचऱ्याच्या खाडीला ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरतात आणि खुबे काढतात. खुबे म्हणजे जाड, रेघारेघांच्या कवचातले शिंपले. त्यांचं तिखलं करतात, सुकं करतात, आणि आतेसासूबाई जी कढी करत तिच्यासाठी मी काट्यांची भीती बाळगून असलेला माणूस दोन वेळा पान पुढे करायचो. तर सत्तरीच्या पुढच्या या बाई त्या दिवशी टोपलीभर खुबे काढून काठावर चढत होत्या. पाठीमागून शेजारीण म्हणाली, "सावकाश गो, निसरडा आसा." झालं. त्यांनी पाय झपकन उचलला आणि त्या कुशीवर आपटल्या.

उठता येईना. पाय बाहेरच्या अंगाला वळून पडला होता. माणसं धावली. कुणी होडीतली फळी आणली. आतेसासूबाईंनी कळ दाबत पहिला हुकूम सोडला तो असा: "मेल्यांनू, आदी टोपली घेवा. माका मगे." त्यांना फळीवर ठेवून चार गडी उचलायला वाकले तशा त्या किंचाळल्या. सगळ्यांना वाटलं पाय दुखावला. तसं नव्हतं. "चौघांनी उचलल्यार माणूस परत येणा नाय. पाचवो खंय आसा? पाचवो हात लागल्याशिवाय मी हलूचंय नाय!" भर दुपारी खाडीच्या काठावर पाचवा पुरुष कुठून आणायचा? शेवटी पलीकडे जाळं झाडत बसलेल्या एकाला हाका मारून बोलावलं. फळीला चारच टोकं असतात, म्हणून तो बिचारा घरापर्यंत मधल्या भागाला नुसता तळहात लावून चालला. आतेसासूबाई पडल्यापडल्या मान वळवून त्याचा हात सुटत तर नाही ना हे बघत होत्या.

मी मालवणहून डॉक्टरांना घेऊन गेलो. डॉक्टर कोल्हापूरकडे शिकलेले, हुशार आणि अबोल. त्यांनी पाय तपासला, मापला आणि मिरजेला नेऊन खिळा घालून घ्या असं सांगितलं. आतेसासूबाई म्हणाल्या, भिंतीक खिळो मारतत, माणसाक नाय. बरीच समजूत घालून झाली. शेवटी डॉक्टरांनी पायाला पट्ट्या बांधल्या, दोरी खाटेच्या पायथ्यावरून खाली सोडली आणि टोकाला जांभ्याचा एक दगड लोंबकळत ठेवला. मग सासऱ्यांना म्हणाले, "खुबा मोडलाय. आता सगळं खुब्यावर आहे. खुब्याची नीट काळजी घेतलीत, तर दोन-तीन महिन्यांनी म्हातारी उठेलही."

पुस्तकातल्या मराठीत मांडीच्या हाडाच्या त्या सांध्याला खुबा म्हणतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. आतेसासूबाईंना एकच खुबा ठाऊक होता, तो खाडीतला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. घाटावर शिकून आलेला असला तरी माणसाला अक्कल आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि भावजयीला हाक मारली. "गो, आयकलंस मा? सगळा खुब्यांवर आसा म्हणता तो डाक्टर. ती टोपली खंय ठेवलंस?"

मी त्यांना समजवायला गेलो. आतेसासूबाई, खुबा म्हणजे हे हाड, असं माझ्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मगे तेणी हाड म्हणूचा होता. तो खुबो म्हणालो. सगळ्यांनी आयकला हा." साक्षीदारांसमोर झालेलं विधान, ते मागे कसं घेणार? त्या दिवसापासून सकाळी खुब्यांची कढी, दुपारी उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खुबे, आणि ओहोटीची वेळ साधली नाही तर अख्ख्या वाडीला शिव्या. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हा प्रकार पाहिला तेव्हा ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चालू द्या. या वयात हाड मोडलं की माणसं पहिल्यांदा जेवण सोडतात, आणि तिथेच निम्मा खेळ संपतो. हाड मारत नाही हो, खाट मारते. पडून पडून छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, मन खचतं. हिला बसती ठेवा, खाती ठेवा आणि बोलती ठेवा."

बोलती ठेवायची काळजी आम्हाला नव्हती. आम्ही ओटीवर बोलत होतो आणि खाट खिडकीपाशी होती, एवढंच आमच्या ध्यानात आलं नाही. आतून आवाज आला, "काय म्हणालो तो? खाट मारता?" आणि त्या क्षणापासून त्या खाटेच्या हात धुऊन मागे लागल्या. ती खाट सासऱ्यांच्या लग्नातली, साधी सागवानी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आतेसासूबाई तिला रोज सकाळी उठल्या उठल्या दम द्यायच्या. "माका खातलंस? तुझो भुगो करून चुलीत घालतलंय." वर वाशाला काथ्याची दोरी बांधून घेऊन तिला धरून त्या तासातासाला अंग उचलायच्या, कारण खाटेला पाठ लागू द्यायची नाही. छाती मोकळी राहावी म्हणून डॉक्टरांनी दीर्घ श्वास घ्यायला सांगितले होते. त्याऐवजी त्यांनी खिडकीतून शेजारणीला हाका मारायचं धरलं. शेजारीण रोज यायची. हातात खोबरेल तेलाची वाटी असायची. त्यांची पाठ चोळता चोळता ती फणसाचा विषय काढायची, आणि ह्या वाशाच्या दोरीला लोंबकळत तिचे मुद्दे खोडायच्या. वादही चालला आणि पाठही शाबूत राहिली.

तरी दसऱ्यानंतर एकदा मामला हाताबाहेर गेला. ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली, खुब्यांची वाटी तशीच परत येऊ लागली. शेजारणीने फणस काढला, त्यालाही उत्तर आलं नाही. तेव्हा मात्र घरात सगळे घाबरले. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि आता वाट बघा म्हणाले. सासऱ्यांचं काळीज थोरल्या बहिणीसाठी तीळ तीळ तुटत होतं. त्यांनी गावकरांना, म्हणजे गावच्या मानकऱ्यांना, बोलावून देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. इकडे ही रीत अशी, की गावकराने हात जोडून देवाला सगळं रीतसर सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून रुकार द्यायचा. घरापुढच्या खळ्यात माणसं उभी राहिली. गावकर म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक आज खाटेर पडून कष्टता हा म्हाराजा..." "होय म्हाराजा!" "आता जास्त तरास नको, तिका ह्येच्यातसून सोडव रे म्हाराजा..."

'होय म्हाराजा' म्हणायला सगळ्यांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आतून, घरघरत्या छातीतून, आवाज आला, "नाय म्हाराजा!"

माझे सासरे तिथल्या तिथे खाली बसले. गावकरांनी अख्ख्या हयातीत गाऱ्हाण्याला हरकत ऐकली नव्हती. आतून पुढे खोकत खोकत आलं, "सोडव म्हंजे खंयसून सोडव? देवाक नीट सांग, तो घोटाळो करीत! खाटेतसून सोडव म्हण. जगातसून नको!"

कोर्टातल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! अर्जातली मागणी मोघम असली की निकाल भलताच लागतो, हे मी पक्षकारांना रोज सांगायचो. गावकरांनी घसा साफ केला आणि 'खाटेतसून, म्हाराजा, खाटेतसूनच' अशी दुरुस्ती घातली. त्या वेळचा 'होय म्हाराजा' एवढ्या जोरात झाला की माडावरचे कावळे उडाले. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही आवरत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला. शेजारीण वाटी घेऊन आली तशी आतून पहिला प्रश्न आला, "त्या दिसा फणसाचा काय म्हणत होतंस?"

दिवाळीला डॉक्टरांनी दगड सोडला. हाड सांधलं होतं, पण पाय दोन बोटं आखूड झाला होता. चिव्याच्या बांबूची काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत जायचं, त्यापुढे नाही, असं त्यांनी बजावलं. "पुन्हा पडलात तर माझ्या हातात काही नाही." आतेसासूबाई उंबऱ्यापर्यंत जात आणि उंबऱ्याबाहेर काठी काढून जमिनीवर दोनदा आपटत. एवढ्यात देवाचा कौल झाला आणि गावपळण ठरली.

घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. दर काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खं आचरं तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. चुली विझतात, दारं ओढून घेतली जातात, आणि गावात जीव म्हणून मागे ठेवायचा नाही. शिवेपलीकडे झावळांच्या खोपी उभ्या राहतात. आजारी माणसांना उचलून नेतात. आमच्या वाडीपासून गाडीरस्त्यापर्यंत दोन गडग्यांमधली अरुंद पाणंद. बैलगाडी आत येत नाही. म्हणजे आतेसासूबाईंना रस्त्यापर्यंत उचलूनच न्यायला हवं होतं. सासऱ्यांनी पाच माणसं ठरवली. पाचवा हात विसरले नव्हते बिचारे.

त्या म्हणाल्या, "माका न्हेवचा नाय. मी चलतलंय."

सासरे चिडले, सासूबाई रडल्या, मी डॉक्टरांच्या शब्दाची आठवण दिली. पडलात तर पुन्हा खाट, आणि या वेळी खाट सोडणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. "जावय, तुमी शिकललात. सांगा, आज माका उचलून भायर न्हेल्यानी, तर तीन दिसांनी परत आणतले तेव्वा पण उचलूनच मा? मगे माका घरात खंय ठेवतले? त्याच खाटेर." त्या मरायला भीत नव्हत्या. भीत होत्या त्या उचलून ठेवायच्या वस्तूसारखं उरायला, आणि ते त्यांना कबूल नव्हतं.

निघायची वेळ झाली. सगळ्यांच्या आधी त्या पाणंदीत शिरल्या, एका हातात काठी, दुसरा हात वाट दाखवायला पुढे घेतलेल्या माझ्या बायकोच्या खांद्यावर. पाणंद इतकी अरुंद की एकदा त्या पुढे झाल्यावर कुणालाही ओलांडून जाता येईना. त्यांच्या मागे मी, माझ्यामागे शेजारीण, तिच्यामागे तिची म्हैस, आणि म्हशीमागे सगळी वाडी: डोक्यावर टोपल्यांत कोंबड्या, काखेत पोरं, हंडे, चटया, बकऱ्या, खाकरणारे म्हातारे. देवाच्या हुकमाने पळणारं गाव एका म्हातारीच्या आखूड पायाच्या चालीने चाललं होतं. मागून कुणीतरी "पळण आसा की रांगण?" असं ओरडलं, त्याला त्यांनी पुढे बघतच उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाणंदीच्या वळणावर मात्र त्या थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून गडग्याला टेकल्या. बायकोने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. आतेसासूबाई काही बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नाहीत याचीच मला भीती वाटली. मी हात पुढे केला. एवढ्यात माझ्या पाठीमागून शेजारणीचा खणखणीत आवाज आला, "आता भायर पडतंय तर खरा काय ता सांगून ठेवतंय. तो फणस माझ्या सासऱ्यानच लायलो!"

आतेसासूबाईंची मान ताठ झाली. "कोणी? तुझ्या सासऱ्यान? तेका माड खंयचो न् पोफळ खंयची ता वळखाक येय नाय!" आणि पाऊल पुढे पडलं. "माझ्या सासऱ्याक नाव ठेवू नको हां!" दुसरं पाऊल. सासरा झाला, बाप झाला, फणस झाला, एका वर्षी चोरीला गेलेले गरे झाले. पाणंद कधी संपली ते दोघींनाही कळलं नाही. गाडीरस्त्यावर सासऱ्यांनी गाडी उभी केली होती. त्या वाद सोडून गाडीत बसायला तयार नव्हत्या. शेवटी शेजारीणही गाडीत चढली तेव्हा चढल्या. पण शीव आली तशी त्यांनी गाडी थांबवली, उतरल्या, आणि शीव पायांनीच ओलांडली. पलीकडच्या दगडावर बसून त्यांनी लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "ओहोटी कधी आसा?" शेजारीण बाजूला उभी राहून रडत होती. त्यांनी तिला विचारलं, "रडतंस कित्याक? हरलंस म्हणान?"

तीन दिवसांनी त्या तशाच परत आल्या. खाट त्यांनी चुलीत घातली नाही, तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या. डॉक्टर रस्त्यात भेटले की विचारायचे, "तुमच्या आतेसासूबाई काय म्हणतात?" मी म्हणायचो, खुब्यांनी खुबा सांधला म्हणतात. पुढची गावपळण आली, तेव्हाही त्या काठी टेकत सर्वांच्या पुढे पाणंदीत शिरल्या, आणि म्हशी पुन्हा खोळंबल्या.

त्या गेल्या त्या खाटेवर नाहीतच. ओटीवर खांबाला पाठ टेकून बसल्या होत्या. पुढ्यात सुपात धुतलेले खुबे होते. शेजारीण गडग्यापलीकडून बोलत होती, आणि बराच वेळ उलट उत्तर आलं नाही म्हणून ती धावत आली.

तिरडी उचलायला चौघे वाकले. इकडे बायका खळ्यापर्यंतच येतात. शेजारीण खळ्याच्या कडेला उभी राहिली आणि तिने मला हाक मारली, "जावयांनू, तुमी पाचवो हात लावा. चौघांनी न्हेल्यार ती येवची नाय." पाणंद अरुंद, बाजूने चालायला जागा नव्हती. मी मागच्या दोघांच्या मधोमध हात घालून दांड्याला तळवा लावला. वळणापाशी पोचलो, तेव्हा मागून तिचा आवाज आला, घसा फाटेस्तोवर ओरडलेला.

"फणस तुझोच गो बाय! तुझ्या बापाशीनच लायलो!"

आम्ही पाचही जण उत्तरासाठी थांबलो.